कावळा, वातानाबे आणि पाठपुरावा

महाराष्ट्रातला माणूस जन्मात एकदा तरी नाशिकला येतो. जिवंतपणी जमलं नाही, तर नंतर आणला जातो. रामकुंडात अस्थींचा विलय होतो ही श्रद्धा जुनी, त्यामुळे सकाळी पंचवटीकडे निघालेल्या एखाद्या तरी प्रवाशाच्या मांडीवर लाल फडक्याने तोंड बांधलेला कलश असतो. शेजारचा प्रवासी काही न विचारता जरा सरकून बसतो.

अशा गावात घर असलं की नातेसंबंध आपोआप टिकतात. ज्यांनी आपल्याला लग्नाला बोलावलं नव्हतं, तेही दशक्रियेच्या आदल्या रात्री "तुमच्याकडेच उतरतो हो" असा फोन करतात. पहाटे घाटावर जायचं, क्षौर, पिंडदान, तर्पण उरकायचं, डोळे पुसायचे. मग अकराच्या सुमारास सुतक नसलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी हळूच विचारतं, "इथली मिसळ कुठं चांगली मिळते?" दुपारी काळाराम होतो आणि निघताना कोंडाजीचा चिवडा पिशवीत पडतो. यात ढोंग काही नाही. दुःख खरं असतं आणि चिवडाही खरा असतो.

इतक्या दशक्रिया पाहिल्यावर माणूस श्रद्धांजलीच्या भाषणांचा जाणकार होतो. आमच्या भागात प्रवचन झालं की ध्वनिवर्धक पुढाऱ्यांच्या हाती जातो. पहिला वक्ता स्वतःविषयी बोलतो आणि शेवटी दिवंगताचा उल्लेख करतो. दुसरा त्याच दिवशीची तिसरी दशक्रिया करून आलेला असतो, त्यामुळे बोलण्याआधी खिशातल्या चिठ्ठीत नाव बघून घेतो. तिसऱ्याचं त्या घराशी भावकीचं वैर असतं, म्हणून तोच सगळ्यात जास्त गहिवरतो. दिवंगत मात्र नेहमी अत्यंत मनमिळाऊ असतो. महाराष्ट्रात आजवर मनमिळाऊ नसलेला एकही माणूस वारलेला नाही. "यांचं काम माझ्या टेबलावर दोन वर्षं पडून होतं," असं कोणी म्हटल्याचंही ऐकिवात नाही.

या सगळ्यांची परीक्षा घेणारा तिथं एकच असतो, आणि तो काळा असतो. पिंड मांडले की मंडळी चार पावलं मागं सरून वर बघू लागतात. कावळा पटकन शिवला, तर माणूस समाधानाने गेला. नाही शिवला, तर काही इच्छा राहिली. मग तर्क सुरू होतात. वाटणीचं असेल. धाकटीच्या लग्नाचं असेल. थोरला मुलगा पुढं होतो, हात जोडतो आणि मोठ्याने कबूल करतो, "आप्पा, शकूच्या लग्नाचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका." कावळा झाडावरून मान तिरपी करून बघत राहतो. "बोअरच्या पैशाचंही मी बघतो," असं धाकटा पुटपुटला, की मग उतरतो. एखादा फारच हट्टी निघाला, ऊन चढलं आणि गुरुजींना पुढचा विधी असला, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायची सोय शास्त्राने ठेवली आहे. शास्त्र लिहिणाऱ्यांना कावळ्याचीही पारख होती आणि माणसाचीही.

मला कुतूहल आहे ते अकराव्या दिवसापासून पुढचं. कबूल केलेल्याचं काय झालं, हे विचारायला कावळा परत येत नाही.

हे कुतूहल मला एकट्यालाच असावं अशी माझी समजूत होती. मग अकिरा कुरोसावाचा 'इकिरू' पाहिला. १९५२ सालचा काळा-पांढरा जपानी सिनेमा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेचा ताबा उठला होता. देश नव्याने उभा राहत होता, कचेऱ्या मात्र जुन्याच थाटात बसून होत्या. कुरोसावाचं वय बेचाळीस. टॉलस्टॉयची इव्हान इलिचच्या मृत्यूची कथा त्याच्या मनात घोळत होती. शिनोबू हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी या दोघांना घेऊन त्याने पटकथा लिहिली आणि टॉलस्टॉयचा न्यायाधीश उचलून थेट नगरपालिकेत आणून बसवला.

आमच्या घरी हा सिनेमा लागला तेव्हा निफाडच्या आत्या मुक्कामाला होत्या. त्यांच्या चुलतदिरांची दशक्रिया त्याच सकाळी झाली होती. आत्यांना जपानी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. मी त्यांना मराठी मालिका लावून देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे हेच. ते खालचं मला वाचायला सांगू नको म्हणजे झालं. मी माणसांची तोंडं बघते." त्यानंतरचे जवळपास अडीच तास त्या घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त लक्ष देऊन बसल्या होत्या.

सिनेमाची सुरुवात एका एक्स-रेने होते. निवेदक सांगतो की हे आपल्या नायकाचं पोट आहे आणि यात कॅन्सर आहे, नायकाला मात्र अजून पत्ता नाही. आत्यांनी विचारलं, "हा कशाचा फोटो?" मी म्हटलं, "हिरोच्या पोटाचा." "आधी पोट दाखवतात होय? बरंय. आपल्याकडं शेवटपर्यंत नुसतं तोंड दाखवतात."

मग तोंड दिसतं. कांजी वातानाबे, नागरिक विभागाचे प्रमुख. जवळपास तीस वर्षांत एक रजा नाही. समोर कागदांचा ढीग, मागे कागदांचा ढीग, मधोमध हा वाकलेला माणूस. एक कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, बाजूला ठेवायचा. शिक्क्याला शाई जास्त लागते तेव्हा ते खण उघडतात. आत एक जुना, पिवळा पडलेला मसुदा आहे, खात्याची कार्यक्षमता कशी वाढवावी याचा. एके काळी त्यांनीच तो लिहिलेला. वातानाबे त्याचं वरचं पान फाडतात, शिक्का पुसतात, बोळा टोपलीत टाकतात आणि पुढच्या कागदावर शिक्का मारतात. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. सरकारी नोकरीवर मी बरंच विनोदी लेखन वाचलं आहे, पण या एका पानापुढं ते सगळं पाल्हाळ वाटतं.

तेवढ्यात खिडकीशी काही बायका येतात. त्यांच्या वस्तीत सांडपाण्याचं डबकं साचलंय, मुलं आजारी पडतात, ते बुजवून तिथं बाग करून द्या, एवढंच मागणं. नागरिक विभाग त्यांना बांधकाम खात्याकडे पाठवतो. बांधकामवाले उद्यान विभागाकडे, तिथून आरोग्य, स्वच्छता, रोगप्रतिबंध, रस्ते, नगररचना, अग्निशमन, शिक्षण. मग एक नगरसेवक. मग थेट उपमहापौर, जे अतिशय गोड बोलून त्यांना परत नागरिक विभागाकडे पाठवतात. कॅमेरा कुठंही रेंगाळत नाही. एक टेबल पुसून दुसरं येतं, टेबलामागचा माणूस बदलतो, बोट दाखवायची दिशा बदलते.

आत्यांना इथं अनुवादाची गरजच पडली नाही. "तलाठ्याकडनं सर्कलकडं, सर्कलकडनं तहसिलात," त्या म्हणाल्या, "आणि तहसिलातनं परत तलाठ्याकडं. मी गेलेय या बायकांबरोबर."

मीही गेलो आहे. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमधली घसरगुंडी खालच्या टोकाला गंजून फाटली आहे. मुलं शेवटच्या वितीवर आली की उडी मारतात, ज्यांना वेळेत उडी साधत नाही त्यांच्या चड्ड्या फाटतात. यासाठी मी अर्ज केला. कोणत्या कार्यालयात ते सांगत नाही, तुम्ही कोणत्याही गावचे असलात तरी ओळखाल. आधी "लेखी द्या" म्हणाले. लेखी दिलं. "आवक-जावकला द्या" म्हणाले. दिलं. पुढच्या खेपेला टपाल वर गेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला बसले होते. अखेर एक पत्र आलं, की आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधित विभाग कोणता, हे पत्रात नव्हतं. विचारायला गेलो, तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल असं कळलं.

आणि याच गावात, पंचवटीत, क्षेत्रोपाध्यांकडे वंशावळींच्या वह्या आहेत. आडनाव सांगा, मूळ गाव सांगा. गुरुजी फडताळातून नेमकी चोपडी काढतात, लाळ लावून पानं उलटतात आणि आपले पणजोबा कोणाला घेऊन आले होते ते दाखवतात. खाली पणजोबांची मोडीतली सही. माझ्या पणजोबांचा कागद या शहरात सापडतो. माझा यंदाचाच सापडत नाही.

असो. वातानाबे दवाखान्यात जातात. तिथं एक बोलघेवडा पेशंट आपणहून माहिती पुरवतो. डॉक्टर जर म्हणाले की साधा अल्सर आहे, हवं ते खा, तर समजायचं की वर्षसुद्धा उरलं नाही. मग डॉक्टर नेमकं तेच बोलतात, शब्दाला शब्द. घरी येऊन वातानाबे दिवा न लावता मुलाच्या खोलीत बसून राहतात. मुलगा आणि सून हसत-खिदळत येतात आणि अंधारातच बेत करतात, म्हाताऱ्याच्या निवृत्तीच्या पैशांत आणि शिल्लकीत नवं घर कसं बांधता येईल याचा. दिवा लागतो तेव्हा म्हातारा समोर. आत्यांनी पदराने चष्मा पुसला. "आता हा मुलाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या. वातानाबे खरंच शेवटपर्यंत सांगत नाहीत.

पुढं ते एका रात्रीत आयुष्य वसूल करायला निघतात. साठवलेले पैसे काढतात, दारूच्या गुत्त्यात भेटलेल्या एका लेखकाला वाटाड्या करतात, जुगाराची यंत्रं, नाचघर, बाया, सगळं करून बघतात. नवी हॅट घेतात. एका पियानोवाल्याला जुनं, १९१५ सालचं गाणं वाजवायला लावतात आणि स्वतः इतक्या खोल आवाजात गातात की नाचणारी जोडपी थांबून बाजूला होतात. वातानाबे झालेल्या ताकाशी शिमुराच्या डोळ्यांच्या पापण्या त्या वेळी हलत नाहीत, नुसतं पाणी उतरतं. शिमुरा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी 'सेव्हन सामुराई'त तो सातही जणांचा म्होरक्या झाला, ताठ कण्याचा, डोकं भादरलेला. तोच माणूस इथं इतका वाकून चालतो की त्याच्या खांद्यांवर अदृश्य दप्तर असावं असं वाटतं.

नंतर त्यांच्याच खात्यातली तोयो नावाची मुलगी राजीनाम्यावर शिक्का मागायला येते. नोकरीत काहीच घडत नाही म्हणून तिला सोडायची असते. कंटाळा घालवायला तिने सगळ्या साहेबांना टोपणनावं ठेवली आहेत. वातानाबेंचं नाव 'ममी'. ही मुलगी मग खेळण्यांच्या कारखान्यात लागते, चावीचे ससे बनवते आणि खुशीत असते. तू इतकी जिवंत कशी, असं वातानाबे तिला चहाच्या दुकानात बसून काकुळतीने विचारतात. ती बिचारी घाबरते. मी फक्त हे बनवते, म्हणून टेबलावर ससा सोडते. ससा टुणटुण उड्या मारत त्यांच्यापुढं येऊन थांबतो. वातानाबेंच्या डोक्यात प्रकाश पडतो, की आपल्यालाही काहीतरी बनवता येईल, त्या कचेरीत बसूनसुद्धा. ससा हातात घेऊन ते जिन्यावरून धावत खाली उतरतात. त्याच क्षणी समोरच्या बाजूची तरुण मंडळी वरती येणाऱ्या कोणा मैत्रिणीसाठी वाढदिवसाचं गाणं म्हणू लागतात. गाणं तिचं, जन्म यांचा.

दुसऱ्या दिवशी वातानाबे टेबलावरच्या ढिगातून त्या बायकांचा अर्ज शोधून काढतात आणि कोट चढवून डबकं बघायला निघतात. आता नायक लढणार, म्हणून आपण सावरून बसतो. आणि निवेदक शांतपणे सांगतो, की पाच महिन्यांनी आपला नायक वारला.

सिनेमाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक असतो आणि हिरो फोटोत जाऊन बसलेला असतो. उरलेला सिनेमा म्हणजे त्याच्या शोकसभेची रात्र. मी नाशिककर असल्यामुळे इथून पुढं मला एकदम घरच्यासारखं वाटू लागलं.

बाग झालेली असते. श्रेय कोणाचं, हा प्रश्न असतो. बागेच्या उद्घाटनाला वातानाबेंना मागं बसवलेलं होतं. ते त्याच बागेत बर्फाच्या रात्री गेले, म्हणून वार्ताहर उपमहापौरांना खोदून विचारतात. उपमहापौर समजावून सांगतात, की लोकांना प्रशासन कळत नाही, एका विभागप्रमुखाने बाग केली म्हणणं हास्यास्पद आहे. सगळे अधिकारी माना डोलावतात. बांधकाम खातं म्हणतं आमचं काम, उद्यान खातं म्हणतं आमचं. अर्ज असताना तो कोणाचाच नव्हता. बाग झाल्यावर ती सगळ्यांची झाली.

तेवढ्यात त्या वस्तीतल्या बायका येतात. कोणाशी बोलत नाहीत. फोटोपुढं बसतात, उदबत्ती लावतात आणि हुंदके देऊन रडतात. मुलं पाठीशी बांधलेली. साहेबांची रांग खाली माना घालून बसलेली, कोणाला कुठं बघावं कळत नाही. बायका निघून जातात. थोड्याच वेळात उपमहापौरांना दुसरं काम आठवतं.

"शिवला," आत्या म्हणाल्या.

साहेब गेल्यावर कारकून मंडळी मोकळी होतात, साके चढत जाते आणि एकेकाला आठवू लागतं. म्हातारा या टेबलापुढं दिवसच्या दिवस उभा राहायचा. त्या साहेबाच्या मागं बोळांतून जायचा. उपमहापौरांनी हसून उडवून लावलं, तरी मान खाली घालून तिथंच थांबला. त्या जागेवर दारूचे अड्डे काढू बघणारे गुंड धमकवायला आले, तर त्यांच्याकडे बघून नुसता हसला. इतका अपमान होऊन तुम्हाला राग कसा येत नाही, असं एकाने विचारलं, तेव्हा आपल्याला रागवायला वेळ नाही असं काहीतरी म्हणाला. आठवणी जुळत जातात आणि मग सगळ्यांना उमगतं, की याला आपण मरणार हे माहीत होतं. रडारड होते. आपणही उद्यापासून असंच काम करायचं, वातानाबेंचं मरण वाया जाऊ द्यायचं नाही, अशा शपथा होतात. एकजण उभा राहून घेतो, एकजण बसल्या बसल्या.

"झालं कबूल करून," आत्या म्हणाल्या. "आता उद्या बघ."

उद्या उजाडतो. वातानाबेंच्या खुर्चीत नवे प्रमुख ओनो. खिडकीशी कोणी तक्रार घेऊन येतं. ओनो ऐकून घेतात आणि त्यांना बांधकाम खात्याकडे पाठवायला सांगतात. किमुरा नावाचा एकच कारकून खुर्ची मागं सारून ताडकन उभा राहतो. सगळे त्याच्याकडे बघतात. किमुरा काही बोलत नाही. हळूहळू खाली बसतो, आणि बसता बसता कागदांच्या ढिगामागं संपूर्ण दिसेनासा होतो.

सिनेमा संपल्यावर आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आज सकाळी भावजींच्या वसंतानंही घाटावर कबूल केलंय, आईला महिन्याचे पैसे पाठवीन म्हणून. मी कालनिर्णयवर लिहून ठेवलंय. एक तारखेच्या चौकोनात."

'इकिरू' मृत्यूविषयीचा सिनेमा आहे असं सगळीकडे म्हणतात आणि समीक्षकांना त्याचा फार उपयोग होतो. मला तो पाठपुराव्याविषयीचा वाटतो. वातानाबेंनी केलं काय? भाषण केलं नाही, उपोषण केलं नाही, भ्रष्टाचार उघडकीला आणला नाही. एक अर्ज धरला आणि तो ज्या ज्या टेबलावर थांबेल, त्या त्या टेबलासमोर स्वतः जाऊन थांबले. आपल्या कथा-कादंबऱ्यांतला नायक हे काम कधी करत नाही. तो तुरुंगात जातो, गोळी झेलतो, प्रेमात पडतो. "साहेब, आपल्या त्या कागदाचं काय झालं?" असं तिसऱ्यांदा विचारायला जाणारा नायक आपल्याला चिवट, किंचित कंटाळवाणा आणि रिकामटेकडा वाटतो. मेल्यावर त्यालाच आपण मनमिळाऊ म्हणतो.

जिवंतपणी हेलपाटे आणि मेल्यावर कौतुक, हा न्याय या गावाने एका फार मोठ्या माणसाला लावून पाहिला आहे. दादासाहेब फाळके १८७० साली आमच्या त्र्यंबकेश्वरात जन्मले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये मुंबईत लागला आणि मग त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. आज ज्या शहरात शूटिंग आलं की रस्त्यावर गर्दी जमते, त्या शहरात शंभर वर्षांपूर्वी सिनेमे घडत होते. १९३७ च्या 'गंगावतरण'नंतर म्हातारपणी त्यांना आणखी एक सिनेमा करायचा होता. महायुद्धाचे दिवस, सिनेमाला सरकारी परवाना लागायचा. त्यांनी अर्ज केला. नकाराचं पत्र आलं, आणि पाठोपाठ १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकमध्ये वारले. हातात अर्ज आणि पुढ्यात थोडे दिवस, एवढं सामान वातानाबे आणि फाळके या दोघांकडंही होतं. फरक असा, की वातानाबे खिडकीच्या आतल्या बाजूला होते. आतला माणूसही जिथं पाच महिने उभा राहिला, तिथं बाहेरचा किती टिकणार!

पुढं पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने फाळके स्मारक उभारलं. त्याला बाग आहे, हिरवळ आहे. सुट्टीच्या दिवशी मुलं तिथं धावतात. भारतीय सिनेमाच्या जनकाला सिनेमाचा परवाना मिळाला नाही, पण बाग मिळाली. कुरोसावाला ही हकिकत कोणी सांगितली असती, तर त्याने म्हटलं असतं की योगायोग जरा जास्तच झाला, पटकथेत चालणार नाही.

आमच्या शेजारच्या अण्णांना मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे दोन्ही बाजूंचे. ते म्हणाले, "सिनेमा चांगलाय, पण त्यात एक घोटाळा आहे. प्रत्येक बागेसाठी एक साहेब मारायचा म्हटलं, तर आस्थापना विभाग परवानगी देणार नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि ज्याची तब्येत ठणठणीत आहे, त्यानं काय करायचं?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि कुरोसावाने तो टाळलेला नाही. म्हणून तर त्याने शेवटी किमुराला ठेवलं. वातानाबेंना मरणाने धक्का देऊन उठवलं होतं. किमुराला असा धक्का मिळालेला नाही. त्याला घर आहे, पगार आहे, समोर ओनो आहे आणि ओनोच्या हातात त्याचा गोपनीय अहवाल आहे. तरीही तो उभा राहतो. मग बसतो. पहिल्यांदा पाहताना मला त्याच्या बसण्याचा राग आला होता. आता त्याच्या उठण्याचं जास्त अप्रूप वाटतं, कारण इतर कोणी खुर्ची हलवलीसुद्धा नव्हती. आपल्यापैकी बहुतेकांची धाव तेवढीच असते, उठायचं आणि बसायचं. उठताना पाठीशी कोणी असेल तर बसायला थोडा उशीर होतो. त्या उशिरात एखादं काम होऊन जातं.

किमुराच्या पाठीशी कोणी नव्हतं. माझ्या पाठीशी निफाडच्या आत्या आहेत.

त्या जाण्याच्या दिवशी मी गप्पांच्या ओघात घसरगुंडीचं बोलून गेलो. गाडीत बसता बसता त्यांनी विचारलं, "मग परत कधी जाणार?" मी म्हटलं, "जाईन की सोमवारी." मला वाटलं विषय मिटला. सोमवारी रात्री फोन. "गेला होतास?" मी गेलो नव्हतो. "बरं, मग गुरुवार लिहिते." घसरगुंडी आता दूध आणि गॅस सिलिंडर यांच्याबरोबर कालनिर्णयवर आहे. वसंताच्या आईला पैसे वेळेवर जातात, असं ऐकतो. वसंताला हौस आहे म्हणून नव्हे, तर एक तारखेला सकाळी आठला फोन वाजतो म्हणून.

परिणामी मी त्या कार्यालयात नियमित जाऊ लागलो आहे. चिडत नाही, कारण चिडून बाहेर पडलो तर रात्री फोनवर काय सांगणार? हाताची घडी घालून टेबलाशी उभा राहतो. पहिल्यांदा तिथल्या बाबूंनी माझ्याकडे बघितलं नाही. मग बघून न बघितल्यासारखं केलं. मग खुर्ची दिली. मी हा त्रास का घेतो, असं त्यांनी एकदा विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनाही एक मावशी निघाली, देवळ्याला असते. त्यानंतर माझी फाइल तळातून निघून वरून तिसरी झाली. त्यावर टिपणी चढली, एका साहेबाची सही झाली, दुसऱ्याची व्हायची आहे. घसरगुंडी अजून फाटकीच आहे आणि मुलांची उडी मात्र फार सुधारली आहे.

परवा मी दारात दिसताच बाबूंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आज सही होईलसं वाटतंय," ते म्हणाले. "आणि आत्यांना सांगा, गुरुवारच्या ऐवजी शुक्रवार लिहा. गुरुवारी साहेब व्हीसीला आहेत."